सिनेमातला ‘वेडा’ आणि आपल्या घरातला उदास माणूस

घरातल्या कुणाला मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या, असं सांगितलं की नातेवाईक बहुतेक वेळा तीनच प्रश्न विचारतात. ‘शॉक देतील काय?’, ‘कोंडून ठेवतील काय?’ आणि ‘लग्न करून दिलं तर सुधारेल काय?’ हे प्रश्न कुठल्या वैद्यकीय पुस्तकातून आलेले नाहीत. ते बव्हंशी पडद्यावरून आले आहेत.

त्यात आश्चर्य नाही. आपला वाशिम जिल्हा अकोल्यापासून वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. त्याच्या कितीतरी आधी जत्रेतल्या तंबूतून सिनेमा गावागावात पोचला होता. मनाचा डॉक्टर कसा दिसतो, हे आपल्या बहुतेकांनी पहिल्यांदा सिनेमातच पाहिलं. त्यामुळे मानसिक आजार म्हणजे काय, तो कशानं होतो, कशानं बरा होतो, याचं जे चित्र आपल्या डोक्यात आहे ते मोठ्या प्रमाणावर दिग्दर्शकांनी काढलेलं आहे. ते चित्र कसकसं बदलत गेलं हे आज पाहू. मी सिनेमाचा समीक्षक नाही. एक फिजिशियन म्हणून, रुग्णांना उपयोग होईल अशा नजरेनं हा इतिहास सांगतो आहे.

आधी दोन शब्द वेगळे करू

पीक हातचं गेलं, सोयाबीनचा भाव पडला, कर्ज थकलं, घरात मृत्यू झाला, तर माणूस खचतो. हे दुःख आहे, आजार नाही. परिस्थितीच वाईट असते, तेव्हा वाईट वाटणं हे मन ठीक असल्याचंच लक्षण आहे. एका माणसाऐवजी अख्ख्या समाजालाच ‘आता काही होणार नाही’ असं वाटू लागतं, तेव्हा त्याला सामाजिक निराशा म्हणता येईल.

डिप्रेशन म्हणजेच नैराश्य हा आजार वेगळा. उदासी किंवा कशातच रस न वाटणं हे दोन आठवडे किंवा त्याहून जास्त, जवळजवळ रोज, दिवसातला बहुतेक वेळ टिकतं. सोबत झोप, भूक, ताकद, एकाग्रता बिघडते. आपण नालायक आहोत, सगळ्यांना आपलं ओझं झालंय, असं वाटतं. मरणाचे विचार येतात. यात मेंदूचं रोजचं कामकाजच बदललेलं असतं आणि त्यावर उपचार आहेत.

दुःखातून आजार सुरू होऊ शकतो, आणि आजारामुळे दुःखाशी लढणं अशक्य होतं. म्हणून या दोन्हींचा गोंधळ होतो. आपल्या सिनेमातही तो अनेक वर्षं होत राहिला.

देवदास, काकासाहेब आणि गणपत हवालदार

शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांची ‘देवदास’ ही बंगाली कादंबरी १९१७ साली प्रसिद्ध झाली. प्रमथेश बरुआ यांनी १९३५ च्या सुमारास तिच्यावर बंगालीत आणि हिंदीत सिनेमा काढला. हिंदीतला देवदास कुंदनलाल सैगल यांनी केला. प्रेमभंग झाला, म्हणून दारू, आणि दारूतून मरण, असा हा प्रवास देशभर इतका गाजला की ‘देवदास झालाय’ हा शब्दप्रयोग मराठी घरात आजही चालतो.

डॉक्टर म्हणून मला यातलं एक शिक्षण फार महागात पडलेलं दिसतं. दारू हे दुःखावरचं औषध आहे, असं हा नायक शिकवून गेला. प्रत्यक्षात दारू मेंदूला मंद करते, झोपेची घडी मोडते, उदासी वाढवते. शिवाय पिलेल्या माणसाचा स्वतःवरचा ताबा सुटतो, आणि आत्महत्येचे अनेक प्रयत्न अशाच क्षणी होतात.

त्याच काळात पुण्यात प्रभात फिल्म कंपनीत व्ही. शांताराम काम करत होते. १९३७ साली त्यांनी ‘कुंकू’ काढला. नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर तो आधारित होता. तरुण नीरेचं (शांता आपटे) लग्न फसवून एका म्हाताऱ्या विधुर वकिलाशी, काकासाहेबांशी (केशवराव दाते) लावलं जातं. ती हा नवरा नाकारते आणि आपलं म्हणणं सोडत नाही. त्या काळात हे दाखवणं मोठं धाडस होतं, आणि आजही तो सिनेमा पाहण्यासारखा आहे.

पण त्याचा शेवट पाहा. काकासाहेबांना आपला अन्याय कळतो, पश्चात्ताप होतो आणि ते स्वतःचं आयुष्य संपवतात. नीरा मोकळी होते. म्हणजे माणूस गेला आणि प्रश्न सुटला. कथा म्हणून हे चालून जातं. पण डिप्रेशनच्या रुग्णाच्या डोक्यात हेच वाक्य फिरत असतं: ‘मी गेलो तर घरच्यांची सुटका होईल.’ हा विचार आजाराचा असतो, वस्तुस्थितीचा नसतो. ज्या घरातला माणूस असा गेला, त्या घराला विचारून पाहा. तिथं कुणाचीही सुटका झालेली नसते. कर्ज तिथंच असतं, वर लेकरांच्या मनावरचा घाव असतो.

दोनच वर्षांनी, १९३९ साली, शांताराम यांनी ‘माणूस’ काढला. ‘देवदास’मधल्या पराभूत वृत्तीला दिलेलं उत्तर म्हणूनच हा सिनेमा ओळखला जातो. गणपत (शाहू मोडक) हा साधा पोलीस शिपाई. धाडीच्या वेळी तो मैना (शांता हुबळीकर) या वेश्येला वाचवतो, तिच्यावर प्रेम करतो, तिच्याशी लग्न करू पाहतो. ते जमत नाही. मैनेच्या हातून खून होतो आणि ती तुरुंगात जाते. गणपतचं दुःख देवदासपेक्षा कमी नाही. पण तो मरत नाही. खचतो, भरकटतो आणि शेवटी पुन्हा अंगावर वर्दी चढवून कामावर जातो. प्रेमासाठी जीव देण्यापेक्षा जगणं हे कर्तव्य मोठं, असं हा सिनेमा सांगतो.

या दोन शेवटांतला फरक आज शास्त्रानंही दाखवून दिला आहे. जर्मन लेखक गटे यांची एक कादंबरी १७७४ साली आली. तिचा नायक वेर्थर आत्महत्या करतो. ती वाचून तरुण त्याचं अनुकरण करतात, अशी भीती तेव्हाच युरोपभर पसरली आणि काही ठिकाणी पुस्तकावर बंदी आली. पुढे १९७४ साली डेव्हिड फिलिप्स या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं, आत्महत्येच्या ठळक बातम्यांनंतर आत्महत्या वाढतात हे आकड्यांनी दाखवलं आणि त्याला ‘वेर्थर परिणाम’ असं नाव दिलं. उलट बाजू २०१० साली ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी मांडली. मरणाचे विचार आले, पण माणसानं मार्ग काढला, अशा गोष्टी वाचल्यानं लोक सावरू शकतात. मोझार्टच्या एका संगीत नाटकात पापागेनो नावाचं पात्र असंच सावरतं, म्हणून हा ‘पापागेनो परिणाम’. आपल्या गणपत हवालदारानं हे काम १९३९ सालीच केलं होतं.

लग्न, धक्का आणि शॉक: हिंदी सिनेमाची जुनी औषधं

स्वातंत्र्यानंतर आपल्या भागातल्या टॉकीजमध्ये हिंदी सिनेमाचं राज्य आलं. १९५५ साली बिमल रॉय यांनी दिलीपकुमारांना घेऊन पुन्हा ‘देवदास’ काढला. एकामागून एक शोकांत भूमिका केल्यानं दिलीपकुमारांच्या स्वतःच्या मनावर परिणाम होऊ लागला आणि इंग्लंडमधल्या मानसोपचारतज्ज्ञाच्या सल्ल्यानं त्यांनी हलक्याफुलक्या भूमिका स्वीकारल्या, हे त्यांनी स्वतः सांगितलं आहे. देशातल्या सर्वात मोठ्या नटाला मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यात कमीपणा वाटला नाही. ‘मी काय येडा आहो का, तिकडं जायला?’ असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

याच काळात वैद्यकशास्त्रात मोठी उलथापालथ चालू होती. १९५२ साली फ्रान्समध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध गंभीर मानसिक आजारासाठी वापरलं गेलं आणि पहिल्यांदाच वर्षानुवर्षं कोंडलेले रुग्ण घरी जाऊ लागले. काही वर्षांतच डिप्रेशनवरची औषधं आली. सिनेमात मात्र गोळी कुणी घेताना दिसत नव्हतं.

‘खिलौना’ (१९७०) घ्या. प्रेयसीच्या मृत्यूच्या धक्क्यानं नायक (संजीवकुमार) वेडा होतो. वडील एका तवायफला (मुमताज) त्याची बायको म्हणून घरी आणतात, आणि तिच्या सहवासात तो बरा होतो. संजीवकुमारांचं काम उत्तम आहे. पण या गोष्टीनं दोन समजुती घराघरात रुजवल्या. एक, वेड हे अचानक धक्क्यानं लागतं. दोन, बाई आणली की ते उतरतं.

दुसऱ्या समजुतीची किंमत आपल्या भागातल्या कितीतरी मुली मोजतात. मुलाला भास होतात, तो एकटाच बोलतो, रात्र रात्र जागतो, हे लपवून त्याचं लग्न उरकलं जातं. लग्नाच्या धामधुमीत गोळ्या बंद होतात, जागरणं होतात आणि आजार उसळतो. मग पोरगीच पांढऱ्या पायाची ठरते. लग्न हे कुठल्याही मानसिक आजारावरचं औषध नाही. आजार आटोक्यात असेल, औषध चालू असेल आणि समोरच्या मुलीला सगळं खरं सांगितलेलं असेल, तर मानसिक आजाराची व्यक्तीही चांगला संसार करू शकते. पण हा क्रम उलटा करून चालत नाही.

त्याआधी वर्षभर आलेल्या ‘खामोशी’त (१९६९) वहिदा रहमान परिचारिका आहे. रुग्ण बरा व्हावा म्हणून तिला त्याच्यावर प्रेमाचं नाटक करायला लावतात. एकदा ते जमतं. दुसऱ्यांदा ती स्वतःच मोडते आणि त्याच इस्पितळात रुग्ण म्हणून दाखल होते. उपचाराची ही पद्धत कुठल्याही शास्त्रात बसत नाही. तरी या सिनेमानं एक खरी गोष्ट पकडली: सांभाळणारा माणूसही दमतो. मानसिक रुग्णाची आई, बायको, बहीण यांची झोप, त्यांचा रक्तदाब, त्यांचं मन हे कुणी विचारत नाही. माझ्याकडे रुग्णासोबत येणाऱ्या बाईला मी आवर्जून विचारतो, ‘बाई, तुमचं काय? तुम्ही जेवता का वेळेवर?’ बऱ्याचदा डोळ्यांत पाणी तिथं येतं.

आता शॉकबद्दल. ही पद्धत १९३८ साली इटलीत सुरू झाली. सिनेमात ती नेहमी एकाच प्रकारे दिसते. पट्ट्यांनी बांधलेला माणूस, किंकाळ्या, आणि बहुतेक वेळा खलनायकाच्या सांगण्यावरून दिलेली शिक्षा. आज हा उपचार पूर्ण भूल देऊन, स्नायू सैल करण्याचं औषध देऊन केला जातो. रुग्ण झोपेत असतो, त्याला काही कळत नाही. भूल न देता शॉक देण्यावर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं बंदी घातली आहे. तीव्र डिप्रेशन, खाणंपिणं सोडलेला रुग्ण, आत्महत्येचा मोठा धोका अशा निवडक वेळीच तो सुचवला जातो आणि तिथं तो जीव वाचवतो. नंतर काही काळ थोडं विसरायला होतं, ते बहुधा हळूहळू सुधारतं. बहुसंख्य रुग्णांना त्याची कधी गरजच पडत नाही.

मतिमंदत्व वेगळं, मानसिक आजार वेगळा

१९९१ साली संजय सूरकर दिग्दर्शित ‘चौकट राजा’ आला. लहानपणी डोक्याला इजा होऊन बुद्धीची वाढ खुंटलेला नंदू दिलीप प्रभावळकर यांनी असा उभा केला की महाराष्ट्र रडला. अशा मुलाकडे हसण्याचा विषय म्हणून पाहू नये, हे या सिनेमानं अनेक घरांना शिकवलं.

पण ‘नंदूसारखा’ हा शब्द पुढे सरसकट वापरला जाऊ लागला. म्हणून सांगतो, नंदूची अवस्था म्हणजे बौद्धिक अक्षमता, ज्याला आपण मतिमंदत्व म्हणत आलो. ती जन्मापासून किंवा बालपणापासून असते आणि तिथं प्रशिक्षणाचा उपयोग होतो. मानसिक आजारात बुद्धी शाबूत असते. इंजिनिअर, शिक्षक, डॉक्टर, कुणालाही तो होऊ शकतो, आणि तिथं औषध व समुपदेशन लागतं.

जग सडलं की शहाणा माणूस वेडा होतो?

आजाराच्या बरोबरीनं मराठी सिनेमानं सामाजिक निराशाही दाखवली, आणि ती फार ताकदीनं दाखवली. जब्बार पटेल यांच्या ‘सामना’त (१९७५) साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील (निळू फुले) याच्यासमोर उभा राहतो तो दारूत बुडालेला, एकेकाळचा ध्येयवादी मास्तर (श्रीराम लागू). त्यांच्याच ‘सिंहासन’मध्ये (१९७९) पत्रकार दिगू टिपणीस (पुन्हा निळू फुले) सत्तेचे सगळे डाव जवळून पाहतो आणि शेवटी त्याचं भान सुटतं, तो हसत सुटतो. निशिकांत कामत यांच्या ‘डोंबिवली फास्ट’मध्ये (२००५) बँकेत नोकरी करणारा माधव आपटे (संदीप कुलकर्णी) रोजच्या अन्यायानं एक दिवस फुटतो आणि बॅट घेऊन रस्त्यावर उतरतो.

तिन्ही माणसं प्रामाणिक, आणि तिन्ही मोडलेली. या सिनेमांत वेड हा आजार म्हणून येत नाही. समाजावर ठेवलेला आरोप म्हणून येतो. इतकं सडलेलं पाहून ज्याचं डोकं फिरत नाही, तोच खरा आजारी, असं जणू त्यांना म्हणायचं असतं. कलावंताला हा अधिकार आहे. फक्त घरी येताना आपण एवढं लक्षात ठेवावं की प्रत्यक्षातल्या माधव आपट्याला उपचाराची गरज असू शकते. पुरुषांचं डिप्रेशन पुष्कळदा रडण्यातून बाहेर पडत नाही. ते चिडण्यातून, भांडणातून, दारूतून बाहेर पडतं. ‘आमचे हे पहिले असे नव्हते, आता भलकसे अंगावर धावतात,’ असं बायको सांगते, तेव्हा मी त्यांच्या झोपेची आणि मनाची चौकशी करतोच.

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’नं (२०१४) हा धागा वेगळ्या ठिकाणी नेला. गटारात उतरणाऱ्या एका कामगाराचा मृत्यू होतो. तुमच्या गाण्यामुळे त्यानं आत्महत्या केली, असं म्हणून लोकशाहीर नारायण कांबळे (वीरा साथीदार) यांच्यावर खटला चालतो. हळूहळू कळतं की त्या कामगाराकडे सुरक्षेचं कुठलंही साधन नव्हतं, एक डोळा गेलेला होता, आणि वास सहन व्हावा म्हणून तो पिऊन उतरायचा. आत्महत्येची भाषा त्यानं कधी केलेलीच नव्हती.

कुणीही असं गेलं की गावातही हेच कोर्ट भरतं. ‘बायकोशी भांडण झालं म्हणून’, ‘नापास झाला म्हणून’, ‘सावकारानं बोललं म्हणून’. आत्महत्येला एकच कारण जवळजवळ कधीच नसतं. कर्ज, आजार, दारू, अपमान, एकटेपणा आणि त्या घटकेला हाताशी असलेलं विष, हे सगळं एकत्र येतं. यातली एक कडी तोडता आली तरी माणूस वाचू शकतो. म्हणून दोषी शोधण्यापेक्षा कडी शोधणं जास्त उपयोगाचं.

आपल्या मातीतली गोष्ट: गाभ्रीचा पाऊस

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे येऊ. शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि ३,७५० कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर झालं. त्यातल्या सहा जिल्ह्यांत अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वर्धा यांच्यासोबत आपला वाशिमही होता. ‘आत्महत्याग्रस्त जिल्हा’ हे विशेषण तेव्हापासून आपल्याला चिकटलं.

तीन वर्षांनी, २००९ साली, सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ आला. नावच वऱ्हाडी शिवीचं. पावसाला अशी शिवी तोच देतो, ज्याचं सगळं आयुष्य पावसावर टांगलेलं आहे. शेजारचा शेतकरी आत्महत्या करतो, आणि अलकाच्या (सोनाली कुलकर्णी) मनात भीती बसते की आता आपला किसनाही (गिरीश कुलकर्णी) तसंच काही करील. ती त्याला चांगलंचुंगलं खाऊ घालते, त्याचं मन राखते, आणि लहान पोराला त्याच्या मागे मागे धाडते. म्हातारी सासूही नजर ठेवते. किसनाला हे काही कळत नाही. त्याला बियाण्याची, पैशाची, पावसाची चिंता आहे. त्याला जगायचं आहे, पेरायचं आहे. यातून हसूही येतं आणि पोटात कालवाकालवही होते. शेवट मी सांगत नाही, सिनेमा पाहा.

या सिनेमानं दोन गोष्टी अचूक दाखवल्या. पहिली, प्रत्येक कर्जबाजारी शेतकरी मनोरुग्ण नसतो. किसना आजारी नाही, अडचणीत आहे. त्याला पाणी, भाव आणि वेळेवर पैसा हवा आहे. गोळीनं कर्ज फिटत नाही, आणि सरकारनं शेतीचे प्रश्न डॉक्टरांच्या गळ्यात घालून मोकळं होऊ नये. दुसरी, भीती एका घरात थांबत नाही. शेजारच्या घरातला मृत्यू अलकाची झोप उडवतो. वेर्थर परिणाम पुस्तकातला वाटत असेल, तर अलकाकडे पाहा.

आणि तिसरी गोष्ट, जी सिनेमा बोलत नाही पण डॉक्टरला ठळक दिसते. अलका सगळं करते, फक्त किसनाला समोर बसवून थेट विचारत नाही. विचारलं तर जे मनात नाही ते भरेल, अशी धास्ती असते. ही धास्ती मी जवळजवळ प्रत्येक घरात पाहतो. ती चुकीची आहे. ‘तुमच्या मनात जीव देण्याचे विचार येतात का?’ असं विचारल्यानं तो विचार मनात शिरत नाही, हे अनेक अभ्यासांतून पुढे आलं आहे. उलट ज्याच्या मनात तो आहे, त्याचं ओझं थोडं उतरतं, कारण आता ते बोलता येतं. आणि किसनासारखं ज्याच्या मनात तसं काही नाही, तो स्पष्ट सांगतो, मग घरच्यांचीही भीती कमी होते.

देवराई ते कासव: आजाराला आजार म्हणणारा सिनेमा

मानसिक आजाराचं खरं चित्र मराठीत काढलं ते सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर या जोडीनं. भावे मूळच्या समाजकार्याच्या क्षेत्रातल्या. त्यांच्या ‘देवराई’त (२००४) शेष (अतुल कुलकर्णी) या तरुणाला स्किझोफ्रेनिया आहे. देवाच्या नावानं राखलेल्या रानात, देवराईत त्याचा जीव गुंतलेला आहे. त्याला भास होतात, संशय येतो. बहीण सीना (सोनाली कुलकर्णी) त्याला सांभाळते. या सिनेमात डॉक्टर आहे, औषध आहे, समुपदेशन आहे आणि हळूहळू होणारी सुधारणाही आहे. भूत, करणी, खलनायक काही नाही. स्किझोफ्रेनिया म्हणजे एका माणसात दोन माणसं, असा समज हिंदी सिनेमानं पसरवला होता, तो इथं मोडला. हा आजार भास, भ्रम आणि विचारांच्या विस्कळीतपणाचा आहे.

या सिनेमामागे कॅनडातल्या कॅलगरीचे प्राध्यापक डॉ. जगन्नाथ वाणी यांचा मोठा हात होता. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. ते लपवण्याऐवजी त्यांनी पुण्यात ‘सा’ म्हणजे स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था उभी केली.

पुढे ‘अस्तु’त (२०१३) डॉ. मोहन आगाशे यांनी स्मृतिभ्रंश झालेले संस्कृतचे पंडित साकारले. आगाशे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ आहेत. स्वतःचं नाव-गाव विसरलेले हे शास्त्रीबुवा हत्तीच्या मागे चालत निघून जातात आणि माहुताची बायको (अमृता सुभाष) त्यांना लेकरासारखं सांभाळते. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला ‘चळ लागला’ म्हणणाऱ्या प्रत्येकानं हा सिनेमा पाहावा.

आणि मग ‘कासव’ (२०१६). आत्महत्येचा प्रयत्न केलेला एक तरुण (आलोक राजवाडे) भरकटत असताना जानकीला (इरावती हर्षे) भेटतो. ती स्वतः मानसिक त्रासातून बाहेर आलेली आहे. ती त्याला समुद्राकाठच्या आपल्या घरी आणते. ‘तुला काय कमी आहे?’, ‘आईबापाचा विचार नाही केला?’ असलं काही ती विचारत नाही. उपदेश करत नाही. उपकाराची आठवण देत नाही. त्याचं चिडणं, दार लावून पडून राहणं सहन करते आणि सोबत राहते. अंग आक्रसून घेणाऱ्या कासवाला ओढून बाहेर काढता येत नाही, आपण शांत थांबलो तर ते स्वतः मान बाहेर काढतं. या सिनेमाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळालं. दोनच वर्षांपूर्वी तेच ‘कोर्ट’ला मिळालं होतं. म्हणजे एकीकडे समाजाची निराशा आणि दुसरीकडे मनाचा आजार, दोन्ही मराठी सिनेमानं वेगवेगळं आणि नेमकं मांडलं होतं.

सिनेमा जे दाखवत नाही

सिनेमा अडीच तासांत संपतो. डिप्रेशनच्या औषधाचा परिणाम दिसायलाच दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरं वाटल्यावरही ते सहसा किमान सहा महिने चालू ठेवावं लागतं. या कंटाळवाण्या वाट पाहण्यावर कुणी सिनेमा काढत नाही, म्हणून रुग्ण आठवड्यातच म्हणतो, ‘साहेब, काईच फरक नाई’, आणि गोळ्या सोडतो. तसं करू नका. नैराश्यावरच्या या गोळ्यांची दारूसारखी सवय लागत नाही. मात्र त्या एकदम न तोडता डॉक्टरांच्या सल्ल्यानं कमी करायच्या असतात.

दुसरी गोष्ट, सिनेमातला उदास माणूस समुद्राकडे पाहत बसतो. आपल्याकडचा उदास माणूस अंगदुखी, डोकेदुखी, छातीत धडधड, गॅस, अशक्तपणा घेऊन येतो. सलाईन मागतो. सगळ्या तपासण्या नॉर्मल येतात. अशा वेळी डॉक्टरनं मनाबद्दल विचारलं तर राग मानू नका. बंगळुरूच्या निमहान्स या संस्थेनं केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात दर १०० प्रौढांपैकी सुमारे १० जणांना कुठला ना कुठला मानसिक आजार होता, आणि त्यातल्या बहुतेकांना उपचार मिळत नव्हते. म्हणजे हा आजार पडद्यावर कमी आणि आपल्या गल्लीत जास्त आहे.

आता घरी काय करायचं?

• माणूस गप्प झाला, झोप उडाली, निरवानिरवीची भाषा करू लागला, आवडती वस्तू वाटू लागला, पिणं वाढलं, तर दुर्लक्ष करू नका. नुसती पाळत ठेवू नका, शेजारी बसून थेट विचारा.

• उत्तर ‘हो’ आलं तर घाबरू नका, रागावू नका, शपथा घालू नका. त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

• फवारणीचं औषध घरात, कपाटावर, खाटेखाली ठेवू नका. कुलपाच्या पेटीत ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या. श्रीलंकेत अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी घातल्यावर आत्महत्यांचं प्रमाण मोठ्या प्रमाणात घटलं. मरणाची ती लाट बहुतेक वेळा थोडा वेळच टिकते. तेवढ्या वेळात विष हाताशी नसलं, तर माणूस वाचतो.

• विष घेतल्याची नुसती शंका असली तरी मीठ-पाणी पाजून उलटी करवू नका. डबा किंवा बाटली सोबत घेऊन ताबडतोब दवाखाना गाठा. १०८ वर फोन करा.

• पोलीस केसच्या भीतीनं उपचार टाळू नका. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली आहे असंच २०१७ चा कायदा मानतो. तिला उपचार आणि आधार देणं ही सरकारची जबाबदारी आहे.

• ‘टेलीमानस’ची १४४१६ ही मोफत हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. मराठीतही बोलता येतं. जिल्हा सामान्य रुग्णालयात मानसिक आजारांवरच्या उपचाराची चौकशी करा, किंवा आपल्या आशाताईंना विचारा.

घरात सगळे मिळून एखादा सिनेमा पाहायचा असेल तर ‘गाभ्रीचा पाऊस’ आणि ‘कासव’ हे दोन निवडा. पाहून झाल्यावर टीव्ही बंद करा, आणि घरातल्या सगळ्यात कमी बोलणाऱ्या माणसाला विचारा, ‘तुमचं कसं चाललंय? मनात काही आहे काय?’ उत्तर लगेच आलं नाही तरी उठून जाऊ नका.